कागद नसलेले मजूर, कागदावरची सहानुभूती

कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या आरोग्याविषयी अमेरिकेत कित्येक दशके अहवाल निघत आहेत. त्यांची भाषा आता पाठ व्हावी इतकी ओळखीची झाली आहे. पाठीची दुखणी, मधुमेह, उष्माघात, कीटकनाशकांची बाधा, दाटीवाटीची घरे, दूषित पाणी अशी यादी द्यावयाची, तिच्याखाली 'अधिक दवाखाने, अधिक दुभाषे, अधिक जनजागृती' अशी शिफारस लिहावयाची, आणि देणगीदारांचे आभार मानून अहवाल मिटवावयाचा. या कामात राबणाऱ्या डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती या रीतीविषयी. या यादीतील जवळजवळ प्रत्येक दुखण्याचा उगम मजुराच्या मजुरीच्या अटींत आहे. त्या अटींना हात न लावता त्याचे आरोग्य सुधारण्याचा उद्योग म्हणजे गळक्या छपराखाली भांडी मांडीत बसणे होय.

हे मजूर कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या शेतावर राबणारा मनुष्य म्हणजे 'मेक्सिकन', अशी ढोबळ समजूत आहे. परंतु दक्षिण मेक्सिकोतील वाहाका, गेरेरो आदी राज्यांतून आलेले मिश्तेक, सापोतेक, त्रिकी या जमातींचे लोक स्पॅनिश विजेते येण्यापूर्वी हजारो वर्षे त्या भूमीवर नांदत होते. गोंडी ही मराठीहून जितकी वेगळी, तितक्याच त्यांच्या भाषा स्पॅनिशहून वेगळ्या आहेत. मेक्सिकोत त्यांना गावंढळ 'इंडियन' म्हणून हिणविले जाते आणि सीमेपलीकडे 'बेकायदा मेक्सिकन' म्हणून. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीने कॅलिफोर्नियात असे सुमारे १,२०,००० प्रौढ आदिवासी शेतमजूर असावेत, मुले धरली तर ही संख्या १,६५,००० च्या घरात जाते, असा अंदाज केला. राज्यातील शेतमजुरांत सर्वांत उशिरा आलेला, सर्वांत कमी कमावणारा आणि सर्वांत अवघड पिकांत वाकणारा वर्ग तो हाच.

ते आले कशासाठी? 'पोटासाठी' हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. त्यांच्या गावी पोट भरण्याची सोय कोणी मोडली, हा खरा प्रश्न आहे. मका ही मेक्सिकोने जगाला दिलेली देणगी आहे. वाहाकातील गीला नाकित्स या गुहेत सापडलेली मक्याची कणसे सहा हजार वर्षांहून जुनी आहेत. त्याच वाहाकातील शेतकऱ्याला मका पिकवून जगता येऊ नये, ही किमया अलीकडची आहे. १९८९ साली आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोसळला आणि डोंगरउतारावर कॉफीची चार झाडे जोपासणारा छोटा शेतकरी भावांच्या लाटेत सापडला. १९९२ साली मेक्सिकोच्या राज्यघटनेतील कलम २७ बदलून, क्रांतीने गावांना दिलेल्या सामुदायिक जमिनी विक्रीस मोकळ्या करण्यात आल्या. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आला आणि सरकारी अनुदानावर पोसलेला अमेरिकी मका मेक्सिकोच्या बाजारात ओतला जाऊ लागला. त्याच दिवशी चियापासमधील आदिवासी शेतकऱ्यांनी बंडाचा झेंडा उभारला, हा योगायोग नव्हता. ज्यांनी बंड केले नाही त्यांनी गाठोडे बांधले. आधी मेक्सिकोच्याच उत्तरेकडील सिनालोआ व बाहा कॅलिफोर्निया येथील टोमॅटोच्या मळ्यांत आणि मग सीमा ओलांडून, असा हा प्रवास आहे. मालाला सीमा खुली आणि माणसाला बंद, याचेच नाव तेथे मुक्त व्यापार.

आता शेतात जाऊ. स्ट्रॉबेरीचे रोप वीतभर उंचीचे. वरंब्यावरची फळे खुडण्यासाठी मजुराला कंबरेतून वाकून, सरीतून धावल्यासारखे पुढे सरकावे लागते. हे दिवसाचे आठ-दहा तास, हंगामभर. मजुरी बहुधा खोक्यामागे. पैसे खोक्यामागे मिळतात तेव्हा पाणी पिण्यासाठी बांधावर जाणे, लघवीला जाणे, पाठ सरळ करून क्षणभर उभे राहणे हे सारे मजुराच्या हिशेबात बुडीत खाती जमा होते. विश्रांतीच्या वेळेचा मोबदला वेगळा द्यावा असा कायदा कॅलिफोर्नियात २०१५ साली झाला खरा. परंतु जो मागे पडला त्याला उद्या कामावर घ्यावयाचे की नाही हे मुकादमाच्याच हाती राहिले. त्यामुळे मूत्राशयाचे विकार, मूत्रपिंडावर पडणारा ताण, गुडघ्यांची झीज ही 'आरोग्यविषयक अज्ञानाची' फळे आहेत असे म्हणणे हा मजुराच्या शहाणपणाचा अपमान आहे. पाणी प्यावे हे त्याला कळते. पाणी प्याल्यास खोकी कमी भरतात हेही त्याला कळते.

उष्म्याचेही तेच. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९२ ते २००६ या काळातील मृत्यूंचा हिशेब मांडला तेव्हा पिकांत काम करणाऱ्या मजुरांचे उष्माघाताने मरण्याचे प्रमाण एकूण कामगारांच्या सुमारे वीसपट आढळले. २००५ च्या उन्हाळ्यात लागोपाठ मृत्यू झाल्यानंतर कॅलिफोर्नियाने उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी सावली, पाणी व विसावा यांचा नियम केला. नियम चांगला होता. तरीही २००८ च्या मे महिन्यात, वाहाकातून आलेली सतरा वर्षांची एक गर्भवती मुलगी द्राक्षाच्या मळ्यात नऊ तास राबून कोसळली आणि दोन दिवसांनी रुग्णालयात मरण पावली. नियम पुस्तकात होता. शेतात ठेकेदार होता. कॅलिफोर्नियात निदान नियम तरी आहे. फ्लोरिडा राज्याने २०२४ साली कायदाच असा केला की कोणत्याही स्थानिक सरकारने मालकांवर उष्म्यापासून संरक्षणाची सक्ती करू नये. सावली आणि पाणी देण्याची सक्ती करण्यास मनाई करणारे सरकार पाहावयाचे असेल तर मध्ययुगात जाण्याचे कारण उरलेले नाही.

विषाची कथा याहून दीर्घ आहे. सलिनास खोऱ्यातील शेतमजूर मातांचा व त्यांच्या मुलांचा बर्कली येथील संशोधकांनी १९९९ पासून पाठपुरावा केला. गर्भावस्थेत ज्या मुलांपर्यंत ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांची मात्रा सर्वाधिक पोहोचली, त्यांचा बुद्ध्यंक वयाच्या सातव्या वर्षी सुमारे सात गुणांनी कमी भरला, हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. अशा विषांपैकी क्लोरपायरिफॉसवर देशभर बंदी घालावी ही मागणी केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने २०१७ साली फेटाळली. कॅलिफोर्नियातील वापर थांबविण्यास २०२० साल उजाडावे लागले. म्हणजे विज्ञान पुरावा देत होते तेव्हाही फवारणी चालूच होती, आणि त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांची बुद्धी कोणत्याही दवाखान्यात परत मिळणार नव्हती. मालकाच्या जमाखर्चात या सात गुणांना रकाना नाही.

या मळ्यांतील श्रेणीव्यवस्था पाहिली म्हणजे आपल्याकडील वाचकाला परके वाटणार नाही. वैद्यक आणि मानवशास्त्र या दोन्हींचे शिक्षण घेतलेले सेथ होम्स हे त्रिकी मजुरांबरोबर शेतात राबले, त्यांच्याबरोबर सीमा ओलांडताना पकडले गेले, आणि त्या अनुभवावर त्यांनी २०१३ साली 'फ्रेश फ्रूट, ब्रोकन बॉडीज' हे पुस्तक लिहिले. त्यात वॉशिंग्टन राज्यातील एका मळ्याची उतरंड दाखविली आहे. वर मालक व व्यवस्थापक, मध्ये गोरे तपासनीस व स्पॅनिश बोलणारे मिश्रवंशीय मुकादम, आणि तळाशी स्ट्रॉबेरी खुडणारे त्रिकी. जो जितका वर, तो तितका बसून काम करणार. जो जितका खाली, तो तितका वाकून. या उतरंडीचे समर्थन कसे होते? हे लोक ठेंगणे असल्यामुळे जमिनीजवळचे काम त्यांना जड जात नाही, असे तेथे सहज बोलले जाते. 'त्यांना सवय असते' हे वाक्य आपण गटार उपसणाऱ्यांविषयी आणि वीटभट्टीवरच्या बायकांविषयी किती वेळा ऐकले आहे! दडपलेल्या माणसाचे शरीरच दडपशाहीला सोयीचे घडले आहे, असे म्हणणारा तर्क जगभर एकच आहे. फक्त भाषा बदलते.

या तर्काला कॅलिफोर्नियाच्याच इतिहासाने उत्तर दिलेले आहे आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९७५ पर्यंत तेथील लेट्यूस व बीटच्या शेतांत आखूड दांड्याच्या कुदळीने खुरपणी करवून घेतली जाई. मजूर सबंध दिवस दुमडलेला असे आणि दूरवरून पाहणाऱ्या मुकादमाला कोण उभा राहिला हे चटकन दिसे. लांब दांडा दिला तर पीक नासेल, धंदा बुडेल, असा मालकांचा आक्रोश होता. मजुरांनी, त्यांच्या वकिलांनी आणि त्यांच्या बाजूने साक्ष देणाऱ्या डॉक्टरांनी लढा देऊन १९७५ साली त्या कुदळीवर बंदी आणविली. लेट्यूसचा धंदा बुडाला नाही. पाठीच्या दुखापती मात्र घटल्या. अनेक वर्षांची मालिश आणि वेदनाशामक गोळ्या जे करू शकल्या नाहीत ते दीड-दोन हात लाकडाने केले. डॉक्टरांनी दवाखान्याबाहेर येऊन न्यायासनापुढे साक्ष दिली, तेव्हाच त्यांचे औषध खऱ्या अर्थाने लागू पडले.

आता भाषेचा प्रश्न. रुग्णालयात स्पॅनिश दुभाषा आहे म्हणजे सोय झाली, असे मानले जाते. मिश्तेक भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो आणि एका गावची बोली दुसऱ्या गावाला कळेलच असे नाही. स्पॅनिश न समजणारा आदिवासी मजूर डॉक्टरसमोर मान डोलावतो आणि 'समजले' अशी नोंद होते. याचा शेवट कोठवर जातो? २००८ साली मिसिसिपी राज्यात वाहाकातील चातिनो भाषा बोलणाऱ्या एका मातेची प्रसूती झाली. तिची भाषा जाणणारा कोणीही रुग्णालयात नव्हता. स्पॅनिशमधून झालेल्या अर्धवट संभाषणाच्या आधारे तिला अपात्र माता ठरवून तान्हे मूल तिच्यापासून काढून घेण्यात आले. ते परत मिळण्यास सुमारे वर्ष लागले. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने भाषेच्या कारणावरून सेवा नाकारू नये, हे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात अभिप्रेत असताना हे घडले. दुभाषे हवेत, यात वाद नाही. व्हेन्चुरा परगण्यातील ऑक्सनार्ड येथे मिश्तेक लोकांत काम करणाऱ्या संघटनेने तसे दुभाषे घडविले आहेत आणि ते काम मोलाचे आहे. परंतु दुभाष्याने पोहोचविलेला सल्ला 'पंधरा दिवस वाकू नका' असा असेल आणि पंधरा दिवस न वाकणाऱ्याची जागा दुसऱ्या दिवशी भरली जाणार असेल, तर तो सल्ला मिश्तेक भाषेतही निरुपयोगीच ठरतो.

दवाखान्याबाहेर मूलभूत गरजांची स्थिती तशीच आहे. एका घरात तीन-तीन कुटुंबे, गॅरेजमध्ये थाटलेला संसार, भाड्याने घेतलेली केवळ भिंतीकडेची जागा, हे सलिनास व ऑक्सनार्ड भागातले नित्याचे दृश्य आहे. कारण जगातील महागड्या किनाऱ्यावर जगातील स्वस्त मजूर राहतो. पाण्याची गोष्ट तर क्रूर विनोदासारखी आहे. सलिनास खोरे व तुलारे खोरे येथील भूजलाविषयी डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ साली अहवाल दिला. नायट्रेटने दूषित पाण्याचा धोका सुमारे २,५४,००० लोकांना आहे, आणि या नायट्रेटपैकी ९६ टक्के शेतजमिनींतून आलेले आहे, असे त्यात नोंदले आहे. त्याच वर्षी राज्याने 'पाणी हा मानवी हक्क आहे' असा कायदाही केला. तरी अनेक मजूरवस्त्यांत नळ असूनही पिण्याचे पाणी बाटलीतून विकत आणावे लागले. मालकाच्या खताचा नफा मालकाकडे गेला आणि त्याचा निचरा मजुराच्या घशात.

येथे विचारले जाईल की, कायदे असणाऱ्या श्रीमंत लोकशाहीत हे चालते कसे? उत्तर असे की, शेतमजूर कायद्याच्या कक्षेबाहेर राहील अशीच व्यवस्था प्रारंभापासून केलेली आहे. रूझवेल्टच्या काळात कामगारांना संघटनेचा हक्क देणारा १९३५ चा कायदा आणि किमान वेतन व जादा कामाचा मोबदला देणारा १९३८ चा कायदा झाला. दक्षिणेकडील जमीनदारांच्या प्रतिनिधींची मते मिळावीत म्हणून दोन्हींतून शेतमजूर वगळले गेले. त्या वेळी दक्षिणेत तो मजूर मोठ्या प्रमाणावर काळा होता. नंतर १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकन मजूर कराराने आणले गेले. सीमेवर त्यांच्या उघड्या अंगावर डीडीटीची पूड फवारली जाई. १९८६ च्या कायद्याने सुमारे अकरा लाख शेतमजुरांना कायदेशीर दर्जा मिळाला. मग काय झाले? कागद हाती येताच पुष्कळांनी शेतीबाहेरची बरी कामे धरली, आणि त्यांच्या रिकाम्या सऱ्यांत वाहाकाच्या डोंगरांतून आलेला, कागद नसलेला आदिवासी उभा करण्यात आला. भीती हे या शेतीचे खतासारखेच एक उत्पादनसाधन आहे. एका मजुराची भीती संपली की नवा भ्यालेला मजूर शोधावा लागतो.

ही भीती कशी वापरली जाते याचा गेल्या काही वर्षांतील हिशेब पाहा. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने कागद नसलेल्यांना वगळले. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा याच मजुरांना सरकारने 'अत्यावश्यक कामगार' ठरविले, आणि त्याच महिन्यात झालेल्या मदतकायद्याच्या धनादेशांतून त्यांना पुन्हा वगळले. म्हणजे कामासाठी अत्यावश्यक, जगण्यासाठी अनावश्यक. त्यांच्या पगारातून सामाजिक सुरक्षेची कपात होते. म्हातारपणी त्यातला एक डॉलर त्यांच्या हाती येत नाही. कॅलिफोर्नियाने टप्प्याटप्प्याने, शेवटी जानेवारी २०२४ पासून, सर्व वयाच्या गरीब रहिवाशांना कागद न विचारता आपल्या 'मेडी-कॅल' योजनेत घेतले तेव्हा अनेकांना वाटले की एक पर्व संपले. ते दोन वर्षे टिकले. अर्थसंकल्पात तूट आली आणि २०२५ साली असे ठरले की जानेवारी २०२६ पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी बंद. जे उपकार म्हणून मिळते ते तूट आली की प्रथम कापले जाते. हक्क म्हणून जिंकलेल्या वस्तूवर हात टाकताना सत्ताधाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो.

त्यातच २०२५ च्या उन्हाळ्यात शेतांवर धाडी पडू लागल्या. जूनमध्ये ऑक्सनार्डच्या मळ्यांत बंदूकधारी अधिकारी उतरले. १० जुलै रोजी व्हेन्चुरा परगण्यातील एका मोठ्या शेतकंपनीवर धाड पडली, तीनशेहून अधिक लोक पकडले गेले, आणि हरितगृहाच्या छपरावरून कोसळून एक मजूर मरण पावला. अशा दिवसांत आजारी मजूर दवाखान्याची पायरी चढत नाही, गर्भवती स्त्री तपासणीला जात नाही, मुलाला लस टोचावयाची राहून जाते. आरोग्यखात्याने कितीही भित्तिपत्रके छापली तरी दाराशी उभी असलेली गाडी त्यांच्यावर मात करते. दुसरीकडे, एकाच मालकाशी बांधलेल्या हंगामी परवान्यावर मजूर आणण्याची योजना फुगत गेली. त्या परवान्याखाली वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक जागा मंजूर होऊ लागल्या. मालक बदलण्याची सोय नाही, तक्रार केली तर पुढच्या हंगामात बोलावणे नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये या मजुरांचे किमान दर ठरविण्याची पद्धतच अशी बदलण्यात आली की दर खाली यावेत. एका हाताने कागद नसलेल्याला हाकलावयाचे आणि दुसऱ्या हाताने कागदाने बांधलेल्याला स्वस्तात आणावयाचे. दोन्ही हात एकाच धन्याचे आहेत.

या व्यवस्थेच्या वकिलांचे दोन युक्तिवाद नेहमीचे आहेत. पहिला, मजुरी वाढविली तर भाजी महागेल आणि गरीब ग्राहक मरेल. गरिबाच्या नावाने गरिबाला पिळण्याची ही जुनी युक्ती आहे. कृषिअर्थशास्त्रज्ञ फिलिप मार्टिन यांनी हिशेब मांडून दाखविले आहे की शेतमजुरी ४० टक्क्यांनी वाढली आणि तो सगळा बोजा ग्राहकावर पडला, तरी एका अमेरिकी कुटुंबाचा वार्षिक खर्च पंचवीस डॉलरांच्या आसपास वाढेल. दुकानातील किमतीचा मोठा वाटा वाहतूकदार, दलाल आणि महादुकाने यांच्याकडे जातो. खुडणाऱ्याच्या हाती किरकोळ भाग येतो. दुसरा युक्तिवाद असा की, ते कायदा मोडून आले आहेत, मग त्यांचे हक्क कसले? ज्यांनी त्यांना जाणूनबुजून कामावर ठेवले, त्यांच्या घामावर मळे उभे केले, त्यांच्याकडून कर घेतले, त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि तहान, ताप, बाळंतपण यांना सीमा ओळखता येत नाही. शरीर आले म्हणजे शरीराच्या गरजा आल्या. श्रम हवेत आणि शरीर नको, असे म्हणणाऱ्याला गुलामीच हवी असते.

टीकेचा आसूड केवळ मालकावर ओढून आपली सुटका नाही. कामगार चळवळीलाही आरसा दाखविला पाहिजे. १९६५ साली डेलानो येथे द्राक्षमजुरांचा प्रसिद्ध संप फिलिपिनो मजुरांनी सुरू केला आणि आठवड्याभरात सेझार चावेझ यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यात उतरले. दोन वंशांची ती एकजूट होती म्हणून १९७० साली मालकांना करार करावे लागले. गांधीजींचा आदर्श मानणाऱ्या चावेझ यांच्या उपोषणांविषयी आपल्याकडे आदराने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच संघटनेने १९७४ साली ॲरिझोनातील लिंबाच्या बागांतील संपाच्या वेळी, कागद नसलेले मजूर संप फोडतात म्हणून त्यांना अडविण्यासाठी सीमेवर आपली माणसे उभी केली. मालकाने निर्माण केलेल्या भीतीवर भीतीनेच इलाज करण्याचा तो प्रयत्न होता. संघटनेने पुढे ही भूमिका सोडली. पण दुबळ्या मजुराला शत्रू मानून आपली ताकद वाढत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला असता तर बरे झाले असते.

तो धडा पुढे आदिवासी मजुरांनीच शिकविला. २०१३ साली वॉशिंग्टन राज्यात त्रिकी व मिश्तेक मजुरांनी संप केला, 'फामिलियास उनिदास पोर ला हुस्तिसिया' ही स्वतःची संघटना बांधली, बहिष्काराची हाक दिली, आणि चार वर्षे चिकाटी धरून २०१७ साली करार मिळविला. मार्च २०१५ मध्ये सीमेच्या दक्षिणेला, बाहा कॅलिफोर्नियातील सान किंतिन खोऱ्यात हजारो आदिवासी मजूर रस्त्यावर उतरले. त्यांच्या मागण्यांची यादी पाहण्यासारखी आहे: मजुरीत वाढ, सामाजिक सुरक्षा योजनेत म्हणजे दवाखान्याच्या हक्कात नोंदणी, आणि मुकादमांकडून स्त्रियांचा होणारा छळ बंद. मजुरी, औषध आणि अब्रू या गोष्टी त्यांनी एका यादीत लिहिल्या. अहवालकर्त्यांना त्या तीन वेगवेगळ्या खात्यांत टाकाव्या लागतात, कारण अहवालकर्ते वाकलेले नसतात.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने हे सारे परदेशचे पाप म्हणून वाचू नये. नंदुरबार-धुळ्याचे भिल्ल व पावरा आदिवासी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि बीडचा कष्टकरी पश्चिम महाराष्ट्रात. तेथे मुकादमाची उचल, येथे ठेकेदाराचे खोके. तोडीत नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता', आणि खाडा झाला की दंड. पाळीचे चार दिवस खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याची पाळी बीडच्या बायकांवर आली. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे अशा शस्त्रक्रिया झालेल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचा आकडा आला. या बायकांकडे नागरिकत्व आहे, मतदारयादीत नाव आहे, शिधापत्रिका आहे. तरीही मुकादमाच्या मुलखात गेल्यावर त्या परक्याच ठरतात. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. कागद मिळाल्यावाचून मजूर निर्भय होत नाही, हे कॅलिफोर्निया शिकविते. आणि नुसता कागद मिळून भागत नाही, मजुरीची पद्धतही बदलावी लागते, हे आपला उसाचा फड शिकवितो.

तेव्हा मागणी कोणती करावयाची? शेतावर राबणाऱ्या प्रत्येकास, तो कोठून आला हे न विचारता, कायदेशीर दर्जा आणि मालक बदलण्याचे स्वातंत्र्य. खोक्यामागे किंवा टनामागे नव्हे तर तासामागे जगण्याजोगी मजुरी, आणि आजारपणाची भरपगारी रजा. सावली, पाणी, शौचालय यांचा नियम मोडणाऱ्या ठेकेदाराबरोबर ज्याच्या शेतावर तो मोडला त्या मालकालाही शिक्षा. फवारणीची माहिती मजुराला त्याच्या भाषेत, फवारणीपूर्वी. दवाखान्यात त्याच्या जमातीचा पगारी दुभाषा. आणि या सर्वांची अंमलबजावणी पाहणारी, मजुरांनीच निवडलेली संघटना; कारण तिच्यावाचून बाकीच्या सर्व मागण्या छापील कागदावरच्या सदिच्छा ठरतात.

यांपैकी एकही मागणी औषधांच्या दुकानात मिळत नाही. दवाखाने चालू राहोत, दुभाषे वाढोत, परिचारिकांचे हात बळकट होवोत. परंतु आखूड दांड्याची कुदळ हातातून काढून घेतल्याशिवाय पाठ बरी होत नाही, हे पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. आज ती कुदळ धाडीच्या, बांधील परवान्याच्या, खोक्याच्या आणि उचलीच्या रूपाने मजुराच्या हाती आहे. ती काढून घेण्याचे काम डॉक्टरांचे एकट्याचे नाही. ते चळवळीचे आहे, आणि फडात उतरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ते याच हंगामात हाती घेतले पाहिजे.